पंधराशे रुपये आणि परड्यातली तांबडी माती

आमचं घर बेळगावच्या पश्चिमेला, गणेशपूरच्या बाजूला. घरामागे १२ फूट बाय ९ फुटांचं परडं. घर बांधल्यापासून सहा वर्षं तिथे जांभ्याच्या चिऱ्यांचे तुकडे, गिलाव्याची ढेकळं आणि मोडक्या बादल्या पडून होत्या. २०२४ च्या पावसाळ्यात भाजी इतकी महाग झाली, की एका रविवारी बाजारातून अर्धी पिशवी घेऊन परत आले आणि ठरवलं, की या हिवाळ्यात परड्यात भाजी लावायचीच. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहिते. महिन्याच्या खर्चातून १,५०० रुपये बाजूला काढले आणि वहीचं एक पान या कामाला दिलं. पुढचे सगळे आकडे आणि तारखा त्या पानावरचेच आहेत.

२९ सप्टेंबरच्या रविवारी सुरुवात केली. पहिले दोन रविवार नुसता राडारोडा उचलण्यात गेले. जांभ्याचे मोठे तुकडे फेकले नाहीत, वाफ्यांच्या कडेला लावायला ठेवले. कुदळीचा दांडा पहिल्याच दिवशी मोडला, नव्याला ८० रुपये पडले. तिसऱ्या दिवशी मनगट इतकं सुजलं, की ऑफिसात पेन धरवेना. तेव्हापासून रोज सकाळी फक्त अर्धा तास खणायचं असा नियम केला. आदल्या संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारून ठेवलं, की आमची तांबडी माती सकाळी सहज सुटते. कोरडी असताना तीच दगडासारखी लागते.

खणायच्या आधी ऊन कुठे पडतं ते पाहून ठेवलं होतं. एका रविवारी दर दोन तासांनी सावलीच्या कडेवर खडा ठेवत गेले. आमचं परडं घराच्या उत्तरेला आहे. ऑक्टोबरात घराची सावली भिंतीपासून थोडीच पुढे यायची. आत्याबाई म्हणाल्या, "आत्ता बघून फसू नकोस. मार्गशीर्षात सावली आनी फुडं सरकतीय." (माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर खानापूर तालुक्यातलं, शेतातच वाढल्या.) खरोखरच डिसेंबरात घरालगतचे चार फूट दुपारपर्यंत सावलीत गेले. त्यांचं ऐकून तो वाफा कोथिंबीर, शेपू, मेथीसाठी ठेवला होता म्हणून निभावलं. टोमॅटो तिथे लावले असते तर नुसता पाला वाढला असता. तुमचं परडं उत्तरेला असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

तीन फूट रुंद आणि आठ फूट लांब असे तीन वाफे आखले, मध्ये एक-एक फुटाची वाट. तीन फुटांच्या वाफ्यात दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो, आत पाय द्यावा लागत नाही. जमिनीपासून सहा इंच उंच केले, कारण आमच्याकडे दसऱ्यानंतरही पाऊस सांगून येत नाही.

मातीची तपासणी करून घ्यायची हे मला शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी सुचवलं. वाफ्यांत पाच ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा, खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, सगळी एकत्र करायची. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि असं करत अर्धा किलो उरेपर्यंत कमी करत जायचं. ती सावलीत वाळवायची. खत टाकायच्या आधीच नमुना घ्यायचा, नाहीतर तपासणी खताचीच होते.

७ ऑक्टोबरला नमुना घेऊन तालुक्याच्या एका सरकारी ऑफिसात गेले. फॉर्म पूर्ण कन्नडमधून. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. बोलण्यापुरतं कन्नड येतं, पण वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं. रकाने होते सर्व्हे नंबरचे, पिकाचे, गावाचे, होबळीचे (तालुक्यातल्या महसुली विभागाचे). सर्व्हे नंबर काय लिहू? आमच्याकडे शेत नाही, उतारा नाही. मागे उभं राहून घाम फुटला, फॉर्म तसाच घेऊन घरी आले. मुलगी सातवीत आहे, तिला कन्नड विषय आहे. तिने रात्री बसून सगळा फॉर्म भरला आणि सर्व्हे नंबरच्या जागी 'घरची बाग' असं कन्नडमध्ये लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, हसून मराठीतच म्हणाल्या, "असं पण चालतंय, ठेवून जावा." १०० रुपये भरले, पावती घेतली. तीन आठवड्यांनी यायला सांगितलं. तुम्ही जाणार असाल तर फॉर्म आदल्या दिवशी आणून घरी कुणाकडून तरी भरून घ्या आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. तो फोटो मला पुढे तीन वेळा दाखवावा लागला.

तिथेच सवलतीच्या बियाण्यांची चौकशी केली. रैत संपर्क केंद्रातलं (सरकारी शेतकरी केंद्रातलं) सवलतीचं बियाणं फ्रूट्स नोंदणीच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणीच्या नंबरावर मिळतं आणि तो नंबर जमिनीच्या उताऱ्याशी जोडलेला असतो. परडंवाल्यांना तो मार्ग नाही. हे कळल्यावर त्या खिडकीवर पुन्हा वेळ घालवला नाही.

मग शेणखत. माझा सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी घाई इथेच झाली. दसरा १२ ऑक्टोबरला झाला. दुसऱ्या दिवशी गल्लीत टेंपो आला, ७० रुपयांना पोतं. सहा पोती घेतली, ४२० रुपये. आत्याबाई देवळात गेल्या होत्या. आल्या, एका पोत्यात मनगटापर्यंत हात घातला आणि म्हणाल्या, "अगं, हे कच्चं हाय की! हात घालून बघ, आत ऊन लागतंय." पोतं पालथं केलं तर आत शेणाचे ओले गोळे, उग्र वास आणि पांढऱ्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या जाड अळ्या. हुमणी. ही अळी मातीत राहून मुळं खाते, वरचं रोप उभ्या उभ्या सुकतं आणि कारण कळत नाही. त्या संध्याकाळी मी पायरीवर बसून रडले. एकूण रकमेतला चौथा हिस्सा एका दुपारी गेला होता.

खत वाया गेलं नाही, पण वेळ गेला. सगळ्या अळ्या हाताने वेचल्या, शेजारच्या कोंबड्यांपुढे टाकल्या. कोपऱ्यात ढीग करून पाणी शिंपडलं, वरून प्लास्टिक झाकलं आणि दर रविवारी फावड्याने वरचं खाली केलं. सहा आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटी, ते काळं, भुसभुशीत झालं आणि त्याला पावसातल्या मातीसारखा वास यायला लागला. खत घेताना एवढंच बघा. हाताला गरम लागत नाही ना, शेणाचा वास गेलाय ना, मुठीत दाबून सोडलं तर मोकळं होतं ना. विकणारा घाई करत असेल तर एकच पोतं घ्या.

पण पेरणी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत थांबणार नव्हती. मावशी नंदगडच्या पुढे राहते, तिच्या गोठ्यामागे दोन वर्षांचा जुना उकिरडा आहे. १९ ऑक्टोबरच्या शनिवारी हाफ डे काढून बसने गेले. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या बायकांना जून २०२३ पासून साध्या बसने फुकट जाता येतं, आधार कार्ड दाखवलं की शून्य रुपयाचं तिकीट मिळतं. दोन पोती मुरलेलं खत परत आणलं. कंडक्टरने पोत्यांचं लगेज तिकीट फाडलं, दोन्हींचे मिळून ६० रुपये. पोत्याचं तोंड घट्ट शिवा आणि बाहेरून दुसरं पोतं चढवा, म्हणजे बसमध्ये सांडत नाही आणि कुणी बोलत नाही.

आता मातीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्या बागेचं बरंवाईट तिच्यावरच ठरलं. बेळगावात पश्चिमेकडे हिंडलगा, गणेशपूर, खानापूर रस्त्याला तांबडी जांभ्याची माती. पाणी लगेच निथळतं आणि पाण्याबरोबर कसही. शहराच्या दुसऱ्या बाजूला, वडगाव-शहापूरच्या शिवारात काळी माती. ती पाणी धरून ठेवते, तिथला बासमती त्याच मातीचा. माझी ताई वडगावला दिलेली. तिच्या दारात घराच्या पायासाठी काढलेल्या काळ्या मातीचा ढीग होता. चार पोती भरून टमटमने आणली, भाडं २०० रुपये. ती सगळी तिसऱ्या, भिंतीकडच्या वाफ्यात मिसळली. पहिला आणि दुसरा वाफा तांबड्या मातीचेच राहिले. टमटमचं आणखी भाडं परवडत नव्हतं, एवढंच कारण. पण त्यामुळे दोन्ही मातींतला फरक मला शेजारी शेजारी बघायला मिळाला.

येताना ताईने एक पिशवीही दिली. त्यांच्या घरी माग आहे. मागावर उरलेलं, गुंतलेलं सूत. टोमॅटो बांधायला, वाटाण्याला चढायला जाळी करायला मी तेच वापरलं. सुतळीपेक्षा मऊ असतं, देठाला काचत नाही. वडगाव, खासबागेत कुणी ओळखीचं असेल तर मागून घ्या.

बियाण्यांसाठी बेंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागायती संशोधन संस्थेकडून ऑनलाइन चार पाकिटं मागवली. अर्का निशांत मुळा, अर्का अनुपमा पालक, अर्का कोमल घेवडा आणि अर्का सुगुणा माठ. टपालासकट १८५ रुपये, आठ दिवसांत घरी. बाकीचं स्वयंपाकघरातून घेतलं. धने लाटण्याने हलके दाबून दोन फाकळ्या केल्या आणि रात्रभर भिजवले. मोहरी डब्यातली. वाटाणे किराणाचे, पण आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चौथ्या दिवशी आठ मोडावले, तेव्हाच पेरायचे ठरवले. झेंडू दसऱ्याच्या तोरणातला, वाळलेल्या फुलांच्या पाकळ्या सोडवल्या की टोकाला काळं लांबट बी मिळतं.

२० ऑक्टोबरला पहिली मेथी पेरली, ४० रुपयांचं बी. चौथ्या दिवशी उगवली, सातव्या दिवशी संध्याकाळी तासभर असा पाऊस कोसळला, की सगळी रोपं मातीत लोळली. जी उरली ती रात्री शंखातल्या गोगलगायींनी खाल्ली. सकाळी त्यांच्या चकचकीत रेघा दिसत होत्या. आत्याबाईंनी मला आधी सांगितलं होतं, "दिवाळी हू दे, मग पेर." मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर दोन आठवडे मी रात्री नऊला बॅटरी घेऊन ओल्या गोणपाटाखाली लपलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकत होते. गोणपाट वाटेत अंथरून ठेवलं की त्या तिथेच गोळा होतात. मीठ मात्र मातीत टाकायचं नाही.

दिवाळी झाली. ४ नोव्हेंबरला अहवालासाठी गेले, तयार नव्हता.

१० नोव्हेंबरला आभाळ मोकळं झालं होतं, सकाळी दव पडू लागलं होतं. त्या दिवशी खरी पेरणी केली. पहिल्या वाफ्यात मेथी, शेपू, कोथिंबीर. दुसऱ्यात पालक, मुळा, माठ. तिसऱ्यात घेवडा, वाटाणा, थोडा पालक, कडेला गाजराच्या दोन ओळी. १७ तारखेला रोपवाटिकेतून दीड रुपयाला एक या दराने ४४ रोपं आणली. १२ टोमॅटो, २० नवलकोल, ६ मिरची, ६ वांगी. ६६ रुपये. रोपं संध्याकाळी लावा आणि पहिले तीन दिवस दुपारी जुन्या साडीची सावली करा. माझं एकही रोप मेलं नाही. खड्ड्यात मूठभर निंबोळी पेंड टाकली होती, तीन किलोचे १२० रुपये झाले.

पाण्याची काळजी होती. आमच्याकडे नळाला आठवड्यातून दोनदाच पाणी. तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवायला लागलो. साबणाचं पाणी नाही. तरी डिसेंबरात पूर्वेचा कोरडा वारा सुटला, तसं रोज तीन बादल्या कमी पडायला लागल्या. तेव्हा भाताची मळणी झाली होती. उचगावहून कामाला येणाऱ्या एका बाईंनी दोन पेंढ्या पिंजर, म्हणजे भाताचं वाळलेलं काड, आणून दिलं. ते रोपांच्या बुडाशी चार बोटं जाडीचं अंथरलं. त्यानंतर एक दिवसाआड पाणी पुरलं.

३ डिसेंबरच्या सुमाराला दुसऱ्या वाफ्यातला पालक पिवळा पडायला लागला. चार पानांवर येऊन थांबला. पाणी कमी केलं, वाढवलं, खत दिलं, काही उपयोग नाही. त्याच पाकिटातलं बी, त्याच दिवशी पेरलेलं, तिसऱ्या वाफ्यात हाताएवढं झालं होतं. त्याच दुसऱ्या वाफ्यातला मुळा मात्र ठणठणीत. मला वाटलं बियाण्यात दोष. आत्याबाईंनी मातीची ढेप हातात चुरली आणि म्हणाल्या, "आंबट असंल माती." मी ते मनावर घेतलं नाही.

अहवालासाठी पुन्हा गेले २५ नोव्हेंबरला, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुढे ९ डिसेंबरपासून सुवर्णसौधमध्ये, म्हणजे बेळगावातल्या विधानभवनात, कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं. त्या काळात गेले तर संबंधित माणूस अधिवेशनाच्या ड्युटीवर. बेळगावात डिसेंबरात कुठलंही सरकारी काम असेल तर अधिवेशनाच्या आधी उरका, नाहीतर ते उठल्यावर जा. शेवटी २३ डिसेंबरला, अकरा आठवड्यांनी, कागद हातात आला. पहिल्याच ओळीत 'रससार' आणि पुढे ५.६. रससार म्हणजे आपण मराठीत ज्याला सामू म्हणतो तो, माती किती आंबट ते सांगणारा आकडा. खिडकीतल्या त्याच बाई म्हणाल्या, "हुळि मण्णु. आंबट माती." तेच दोन शब्द मी घरी वीस दिवसांपूर्वी ऐकले होते.

पालकाला आम्ल माती सोसत नाही. मुळा, टोमॅटो बऱ्यापैकी निभावून नेतात. काळी माती मिसळल्याने तिसऱ्या वाफ्याचं भागलं होतं. उपाय चुन्याचा. पान खायचा तिखट चुना नव्हे, खतांच्या दुकानात मिळणारी डोलोमाइटची भुकटी. पाच किलोला ९० रुपये. दुसऱ्या वाफ्यातला पालक काढला, कडेचे दोन सोडून बाकीचे मुळे उपटले, अर्धा किलो भुकटी पसरून मातीत मिसळली, पाणी मारलं. चुना आणि शेणखत एकाच वेळी टाकायचं नाही, खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. तीन आठवडे वाफा मोकळा ठेवला. रिकामा वाफा बघून जीव तुटायचा, पण या वेळी थांबले.

किडीचा त्रास अपेक्षेपेक्षा कमी झाला. नवलकोलाच्या कडेला पंधरा दिवस आधी मोहरी पेरली होती. कोबीवर्गातल्या भाज्यांवरचा पतंग मोहरीवर अंडी घालतो, हा उपाय हेसरघट्ट्याच्याच संस्थेचा आहे. हिरव्या बारीक अळ्या मोहरीवर दिसल्या, ती पानंच खुडून बुडवून टाकली. घेवड्यावर मावा आला तेव्हा लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, आधी साबणाच्या थेंबात फेटून, सूर्य कलल्यावर फवारलं. १०० मिलीची बाटली ८० रुपयांची, अजून अर्धी शिल्लक आहे.

पहिली मेथी ८ डिसेंबरला निघाली. दोन जुड्या. कोवळी होती, नुसती लसूण-मिरचीवर परतली. नवरा एरवी पालेभाजी बाजूला सारतो, त्याने त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतली. मी काही बोलले नाही.

१३ जानेवारीला भोगी. ऑक्टोबरपासून मनात होतं, की भोगीची भाजी परड्यातली करायची. सगळी जमली नाही. वांगी अजून बोटाएवढी होती, गाजरं दोऱ्यासारखी, पावटा आणि हरभरा बाजारातूनच आणला. पण घेवडा आमचा, वाटाणा आमचा, वर पेरलेली कोथिंबीर आमची. सकाळी साडेसहाला मुलगी स्वेटर घालून टोपली धरून उभी होती आणि आत्याबाई एकेक शेंग दाबून "ही घे, ही असू दे" असं सांगत होत्या. दवाने तिघींचे पाय भिजले. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ती भाजी शेजारी, निवृत्त गुरुजींकडे, ताईकडे डब्यातून गेली.

संक्रांतीनंतर दुसऱ्या वाफ्यात मुरलेलं खत घातलं, तेच टेंपोवाल्याचं, आता काळं झालेलं. १९ जानेवारीला पुन्हा पालक पेरला. फेब्रुवारीच्या शेवटी तो वीतभर झाला, तिसऱ्या वाफ्याइतका गडद नाही, पण पिवळाही नाही.

वहीतली बेरीज १,४४१ रुपये. मिळालेल्या भाजीची रोजच्या बाजारभावाने नोंद ठेवली होती, ती फेब्रुवारीअखेर ९०० च्या आसपास भरली. म्हणजे पहिल्या हिवाळ्यात पैसे पूर्ण निघाले नाहीत. पण दांडा, काळी माती, डोलोमाइट, निम्मं बी हे पुढच्या वर्षीही आहे. पुन्हा करायचं झालं तर माती तपासायला पाऊस सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच देईन, खत तेव्हाच आणून मुरत ठेवीन आणि दिवाळीआधी एक दाणाही पेरणार नाही.

दोन मुळे उपटले नाहीत. त्यांना आता पांढरी-जांभळी फुलं आली आहेत, सकाळी मधमाश्या येतात. शेंगा वाळल्या की बी काढून ठेवायचं आहे. गुरुजींनी त्यातलं थोडं आधीच मागून ठेवलंय.